पोचला?

आये,

उभ्या जन्मात तुला मी कधी आई म्हटलं नाही, मग आता वहीत तरी कशाला म्हणू? वही सुमीची आहे. वाणगावहून निघताना कपड्यांबरोबर पिशवीत आली. तुला अक्षर वाचता यायचं नाही, तेव्हा लिहायला मी मोकळी आहे. समोर बसून सांगायचं असतं तर याही वेळी जमलं नसतं.

आज पाचवा दिवस. माणसं येतात, ओट्यावर बसतात, ताप कधी आला, शेवटचं काय बोलली, विचारतात. बाकडून ऐकलेलं मी सांगते. सांगून सांगून माझी जीभ आता आपोआप चालते. पण एक गोष्ट त्यांना सांगता येत नाही. मला भीती वाटते आहे, आये. तू नसल्याची वाटते ती सगळ्यांना कळते, त्यासाठीच ती येतात. ही दुसरी आहे, सहा वर्षांची होते तेव्हापासूनची. ती तुझ्याबरोबर जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही.

तुझ्या चुलीशी बसले की मला अजून तुझी पाठ दिसते. बाची होडी आली, मासळी घरात आली की आपल्या तव्यावर काही पडायच्या आधी तू एक वाटा बाजूला काढायचीस. तो सोमाकाकाचा. सुरूच्या बनापलीकडे, खाडीच्या तोंडाशी त्याची झोपडी. एके काळी होडीवर खलाशी होता. देवी आल्या, एक डोळा पांढरा करून गेल्या, दुसऱ्यात धुकं ठेवून गेल्या, आणि मग त्याला कोणी होडीवर घेईना. बायको नाही, पोर नाही. घरात भाकरी असो नसो, त्याचा वाटा निघायचाच.

त्याला दान म्हटलेलं तुला खपायचं नाही. एकदा मी "सोमाकाकाला दिलं" म्हणाले तर उलथनं माझ्यासमोर नाचवत म्हणालीस, "दिलं म्हणू नको गो. दिलं म्हटलं का ते आपलं होतं असा अर्थ होतो. त्याचं हाय, त्याला पोचवायचं." मी परत आले की मागे वळूनही न बघता विचारायचीस, "पोचला?" मी म्हणायची, "पोचला." मग माझ्या ताटात भात पडायचा.

शेजारची काशीकाकू तुला बोलली होती, एवढ्याशा पोरीला कशाला धाडतेस, तूच जा की. तेव्हा तू म्हणालीस, "मोठी झाल्यावर शिकवलं तर इचार करून देईल. आता शिकली तर हात सैल ऱ्हाईल." वादात तुझ्यापुढे टिकायचं कोण? आणि त्याच दमात तू ते दुसरं वाक्य म्हणालीस, जे माझ्या मानगुटीवर बसलं. "आपला वाटा पोचला, तर आपलं माणूस पोचतं." आपल्या वरोर गावात हे दुसरं कोणी म्हणत नाही. मी मोठेपणी विचारलं, असं कोण म्हणतं? तू म्हणालीस, "मी म्हणते, पुरे नाय?"

तुला एक माहीत नव्हतं. मला सोमाकाकाची भीती वाटायची. देवीच्या व्रणांनी त्याचं तोंड खवल्यांसारखं दिसायचं, म्हणून आळीतली पोरं त्याला खवल्या म्हणायची. ज्या होडीकडे तो पांढऱ्या डोळ्याने बघतो ती परत येत नाही, असंही म्हणायची. बनाच्या कडेपर्यंत मी चालत जायची आणि तिथून पुढे पळत. झोपडीसमोर एक सपाट दगड होता. त्यावर पुडी ठेवायची, वर दुसरा दगड, आणि मागे न बघता घरापर्यंत पळत यायचं. तो कधीच समोर दिसायचा नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटायचं.

त्या दिवशी दिवाळी होऊन गेली होती. सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटलेला. बा आदल्या ओहोटीला होडी घेऊन गेले होते. तेव्हा शिडाच्याच होड्या, यंत्र अजून कोणाकडे नव्हतं. तू सागाच्या पानात दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि चार भाजलेले सुके बोंबील बांधलेस, केळीच्या सोपटाची गाठ मारलीस आणि पुडी माझ्या हातात दिलीस. तुझं लक्ष पुडीत नव्हतं, आकाशात होतं.

वाऱ्यात सुरूचं बन रडल्यासारखा आवाज करतं, तुला माहीत आहे. मी कडेला पोचले आणि समोर सोमाकाका. झोपडीबाहेर उभा, तोंड समुद्राकडे. मग वळला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. माझे पाय पुढे उचलेनात. मी खाली बसले, एका सुरूच्या मुळाशी दोन्ही हातांनी वाळू उकरली, पुडी आत घातली, वर वाळू ओढली, पायाने दाबली आणि पळाले.

"पोचला?"

"पोचला."

तू भात वाढलास. मी जेवले, आये. वर अजून मागितलासुद्धा. खोटं बोलले त्याचं मला इतकं नाही. तो दुसऱ्यांदा मागितलेला भात माझ्या घशात अजून आहे.

दुपारी होड्या परतायला लागल्या. एक आली, दुसरी आली. बायका ओंजळीत पदर धरून किनाऱ्यावर उभ्या, आणि तू पाण्यात गुडघ्याइतकी शिरून येणाऱ्या प्रत्येक होडीच्या तांडेलाला विचारत होतीस, "आमची पोचली का? वाटेत दिसली का? पोचली का कुठं?" मी मागे ओल्या वाळूत उभी. तुझा तोच शब्द, चुलीपुढचा. मला वाटलं तू मलाच विचारते आहेस. संध्याकाळच्या आत सगळ्या होड्या आल्या, आपली तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला नव्हता. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी बनात पळाले. ठरवलं होतं, पुडी काढायची आणि खवल्याच्या हातात द्यायची, त्याने मला धरलं तरी चालेल. झाड सापडलं. वाळू उकरलेलीही दिसली. पुडी नव्हती. पान नाही, सोपट नाही, बोंबलाचं शेपूटही नाही. मी शेजारच्या दोन झाडांखालीही उकरून बघितलं. नखांत वाळू जाऊन रक्त आलं. मग मला सगळं कळलं, सहा वर्षांच्या पोरीला कळतं तसं. वाटा पोचवला नाही म्हणून समुद्र वर आला, पुडी घेऊन गेला आणि बालाही घेऊन गेला.

घरी आले तर तू बोंबील वाळवायच्या रिकाम्या वलांडीखाली बसली होतीस. केस सुटलेले, नजर कुठेच नाही. माझ्याकडे बघून म्हणालीस, "कालचा वाटा पोचला ना गो बाय?"

हे तू का विचारलंस, आये? सोळा वर्षं मी हाच प्रश्न घोळवते आहे. माझा संशय आला होता? की बुडणारं माणूस जे हाताला लागेल ते धरतं, तशी तू स्वतःच्याच म्हणण्याला धरून बसली होतीस? मी तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि तिथे मला माझ्याइतकीच भीती दिसली. आईच भ्यालेली असली तर पोराने जायचं कुठं? तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "पोचला."

तू उठलीस, डोक्यावर पोतं घेतलंस आणि पावसात कुठेतरी गेलीस. बऱ्याच वेळाने चिंब भिजून आलीस. माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मग भात कालवून मला तुझ्या हाताने भरवलास, घोडी झाले होते तरी. मी गिळत होते. कापायच्या आधी कोंबडीला दाणे टाकतात तसं मला वाटत होतं. हिला कळलंय, आता माझी पाळी.

तिसऱ्या दिवशी बा आले. समुद्रावरून नाही, वाणगाव स्टेशनवरून चालत, अंगावर कोणाचं तरी परकं धोतर. डोलकाठी मोडून होडी उत्तरेला वाहत गेली आणि उंबरगावच्या बाजूला वाळूत रुतली होती. तिथल्या कोळणींनी चौघांना चुलीशी बसवलं, जेवू घातलं, कपडे दिले, गाडीत बसवून दिलं. बा हे सांगत होते आणि तू मला उचलून छातीशी धरलंस, आळीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "माझ्या बायनं हितं पोचवलं, म्हणून तितल्या बायांनी तिच्या बाला पोचवलं!"

काशीकाकूने माझी अलाबला घेतली. मी तुझ्या खांद्यावर भडाभडा ओकले. तू हसून म्हणालीस, पोरीला आनंद सोसला नाय.

तेव्हापासून मी आळीतली गुणाची पोर. लग्न करून वाणगावला वाडीत गेले तर माझं नाव माझ्याआधी तिथे पोचलेलं. सायवनकडच्या डोंगरातल्या बाया लाकडाची मोळी नाहीतर सागाची पानं घेऊन बाजाराला येतात, उन्हाच्या आमच्या कुंपणाशी टेकतात, पोर पदराखाली चोखत असतं. मी घरातलं अर्धं भांडं त्यांच्यात रिकामं करते. घरचे चेष्टा करतात, हिच्या राज्यात वेलीवर दुधी टिकायचा नाही. सासू म्हणते, आईचा हात घेतलाय हो. मी हसते. हात कुठला, आये. मी तुझी भीती घेतली. दारावरून कोणी रिकामं गेलं की माझ्या मनात पहिलं येतं, आज घरातलं बाहेर कोण आहे? हे गाडीने गेलेत, सुमी शाळेत आहे. मग त्या बाईच्या मागे धावत सुटते. त्यात माया किती आणि धास्ती किती, मला कधी निवडता आलं नाही.

तुझं तसं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या, मडक्यात मोजके सुके बोंबील, तरी पहिला वाटा निघायचा. त्या दिवसांत तू "मला भूक नाय" म्हणायचीस. आम्ही खरं मानायचो. लहानपणी किती गोष्टी समोर असून दिसत नाहीत.

आणि मग ही गेली दिवाळी. सुमीला घेऊन मी चार दिवस आले होते. आंघोळ करून बाहेर येते तर तू पाच वर्षांच्या सुमीच्या हातात सागाच्या पानाची पुडी ठेवून तिला बनाची वाट दाखवत होतीस. सुमीचा ओठ थरथरत होता. मी धावले आणि पुडी हिसकावली.

"माझ्या पोरीला नाही पाठवायचं!"

"अगो, दोन पावलावर हाय. तू नाय का जायचीस?"

"तेच सांगतेय. तुला काय वाटतं, तुझ्या भाकरीनं होड्या परततात? पोरांच्या डोक्यात हे असलं घालतेस, त्यांचं काय होतं ठाऊक आहे तुला?"

तू माझ्याकडे बघत राहिलीस. एवढ्या मोठ्याने मी तुझ्याशी कधी बोलले नव्हते. मग हळू म्हणालीस, "होड्या परततात का नाय, ते मला काय ठाव? सोमा उपाशी ऱ्हातो, तेवढं मला ठाव हाय."

म्हणजे तू त्या जुन्या वाक्यापासून कधीच पुढे निघून गेली होतीस. मी एकटीच त्या झाडाखाली वाळू उकरत बसले होते.

तू पुडी माझ्या हातातून घेतलीस, स्वतः निघालीस, गुडघा धरत धरत. दारात थांबून विचारलंस, "तुला एवढं भ्या कसलं वाटतं गो बाय?" मी सुमीचे केस विंचरत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेले. तो तुझा मला विचारलेला शेवटचा प्रश्न. मी आले तेव्हा तू विचारण्याच्या पलीकडे गेली होतीस.

आता कालचं सांगते.

घरात सुतक. आपली चूल बंद, शेजारणी जेवण आणून देतात. काल काशीकाकूने भाकऱ्या आणि कालवण आणलं. बा ताटाकडे बघत बसले होते. म्हणाले, "चार दिस झाले, सोमाचं काय झालं असंल?" मग स्वतःच म्हणाले, "सुतकातल्या घरचं जाया नाय चालत." मी म्हटलं, बा, हे काशीकाकूच्या घरचं आहे, आपलं कुठाय? त्यातल्या दोन भाकऱ्या उचलल्या, पानात बांधल्या. तू असतीस तर हसली असतीस, कायदा वाकवायला मी तुझ्याकडूनच शिकले.

सुमी म्हणाली, मी येते. मी नाही म्हणणार होते. मग तिचा हात धरला. एकटीला पाठवायचं नाही एवढंच मी बदललं.

बन आता दाट झालंय. कडेला पोचले आणि पाय थंड पडले, आये. बावीस वर्षांची बाई, एका पोरीची आई. पण थांबले नाही. दगड मागे टाकला, पहिल्यांदाच दारापर्यंत गेले. सोमाकाका आत बसला होता. आता त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. पावलं ऐकून म्हणाला, "कोण? पाऊल तर तिच्यासारकं हाय. पण ती तर गेली."

"मी तिची लेक."

"दगडावर ठेवून पळायचीस ती?"

सुमी माझ्या पदरामागे शिरली. तसा तो चटकन भिंतीकडे वळला. तोंड भिंतीकडे आणि हात मागे, पुडीसाठी. मी पुडी त्या हातात ठेवली. रात्रंदिवस घोकून ठेवलं होतं ते मग माझ्या तोंडून पाण्यासारखं वाहिलं. सोमाकाका, एकदा वाटा पोचला नव्हता. वादळाच्या दिवशी. मी भ्याले, मी पुरला, मी आयेला खोटं सांगितलं.

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"वाळूतला ना? पोचला गो. कुत्र्याच्या आधी मी पोचलो. धुतला नि खाल्ला. दातात कचकच झाली थोडी."

मी त्याच्या उंबऱ्यातच खाली बसले.

"मी रोज झाडामागं लपायचो," तो भिंतीलाच सांगत होता. "पोरं भितात मला. म्हटलं, ही भ्याली तर उद्यापास्नं यायची नाय. त्या दिवशी वारा बघाय भायेर आलो नि नेमकी तू आलीस. तू पुरताना दिसलीस. मग तुझी आय आली, भर पावसात. होडी हरवलेली. इचारते, सोमा, खरं सांग, वाटा पोचला? म्हटलं, पोचला. खोटं काय त्यात?"

म्हणजे तू तिथे गेली होतीस, पोतं डोक्यावर घेऊन. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून गेलीस, आणि परत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवलास तो संशय घेतल्याबद्दल. तो भात मला माफीचा भरवला होतास. मी खुळी कोंबडीचे दाणे समजले. आपण दोघी सोळा वर्षं एकमेकींशी गप्प राहिलो, आणि ज्याला आपण खाऊ घालतो असं समजत होतो त्याने आपल्या दोघींना एका शब्दात सांभाळून घेतलं. मी त्याच्या पाया पडले. सुतकात पडतात की नाही, देव जाणे.

परत येताना सुमी माझा हात धरून चालत होती. बन संपल्यावर म्हणाली, "ते आजोबा आपल्याला घाबरतात का गं?"

मी म्हटलं, हो.

ती विचार करत चालली. मग म्हणाली, "उद्या मी मोठ्याने सांगेन, मी आलेय म्हणून. मग ते नाही घाबरणार."

तुझं वाक्य खरं की खोटं, यावर आपला वाद अजून संपलेला नाही, आये. मी तुझ्यासारखी नाही शिकवणार. सुमीला सांगणार नाही की तुझ्या भाकरीवर कोणाचा जीव आहे. आणि तू समोरून म्हणशील, मग काय सांगशील गो? ते मला अजून माहीत नाही. तू गेल्यावर हे मी विचारायचं कोणाला, याची मात्र नवी भीती बसली आहे.

घरी आलो तर बा उंबऱ्यावर बसले होते. आम्हांला बघून त्यांच्या तोंडून तुझाच शब्द निघाला. सवयीने निघाला, आणि निघाल्यावर तेच दचकले.

"पोचला?"

सुमी माझा हात सोडून पुढे झाली आणि म्हणाली, "पोचला."

मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. पोर खरं बोलत होती. एवढीच पोच तुला लिहून देते आहे.